पुठ्ठ्याचं कर्णफूल

त्या खेळातून मनवा देशिंगकरला पीएच.डी. मिळणार होती. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला आठवडाभर फुकटचा चहा-भडंग मिळणार होता आणि मगदूम सरांना दुपारी घराबाहेर पडायला सबळ कारण. मला माणसं बघायला मिळणार होती. माझं तेवढ्यावर भागतं. भालचंद्र तांबवेकरांना यातून काय मिळणार होतं ते मात्र काही केल्या जुळत नव्हतं. आणि पुढची खुर्ची तर त्यांनीच पकडली होती.

मनवानं टेबलावर पिशवी उपडी केली. पुठ्ठ्याचे तुकडे, चांदीचा कागद, मणी, इलॅस्टिक, रेशमी दोऱ्याची रिळं.

"यातलं यंत्र कुठलं?" मगदूम सरांनी विचारलं. सर शाळेत ड्रिल शिकवायचे. अजूनही प्रश्न विचारताना छाती पुढे काढतात.

"एकही नाही, सर. यंत्र तुम्ही करायचं. खोटं. आणि आठवडाभर अंगावर घालून वावरायचं, ते खरंच चालतंय असं धरून. रोज चार वाजता इथे येऊन सांगायचं, आज त्यानं काय केलं."

"म्हणजे भातुकली की."

"भातुकलीच. फक्त दहा वर्षांनंतरची." मनवा हसली. "घड्याळं, पट्ट्या, कानातली यंत्रं, लोक काय काय घालणार आहेत अंगावर. ती करणारी पोरं पंचविशीतली आणि घालायची तुम्ही. म्हणून म्हटलं, आधी तुम्ही घालून बघा. मग करायचं की नाही ते ठरवू."

"दहा वर्षांनंतर," सर म्हणाले, "आमच्या अंगावर हार असणार. तोही फोटोवरून."

सगळे हसले आणि कात्र्यांवर तुटून पडले. म्हातारी माणसं लाजतील, असं मनवाला वाटलं असावं. प्रत्यक्षात डिंकावरून भांडणं झाली.

मी इंदुमती आरवाडे. विजेच्या बिलांच्या खात्यात जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर संघाची खजिनदार झाले. बिल का भरलं नाही याची कारणं इतकी वर्षं ऐकल्यावर माणसाला यंत्र एकच सुचतं. मी अंगठी केली. समोरचा खोटं बोलला की टोचणारी. मगदूम सरांनी मनगटाला पट्टी बांधली. ती त्यांचं चालणं मोजून डॉक्टरांना कळवणार होती.

तांबवेकर मान खाली घालून कापत होते. त्यांची ओळख करून द्यायला हवी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला हा माणूस, पण सांगलीला ठाऊक होता तो हौशी नाटकांचा प्रॉम्प्टर म्हणून. आमच्या गावात नटांना तोटा नाही आणि नाटकाला नावं ठेवणाऱ्यांना तर नाहीच. विंगेत उभं राहून दुसऱ्याची वाक्यं सांभाळणारा माणूस दुर्मीळ. म्हातारपणी बोलघेवडे झाले होते. जिना चढतानाच यांचं सुरू व्हायचं, "काय मगदूम सर, आज लवकर? अरे वा, आरवाडेबाई, नवी साडी?" त्यांच्या मागून शरयूताई यायच्या, त्याच हसऱ्या तोंडानं म्हणायच्या, "मगदूम सर, बरं आहे ना? आरवाडेबाई, साडी छान हो." नवऱ्यानं वाट पाडायची, बायकोनं त्यावरून चालायचं. आम्ही चेष्टा करायचो.

पुढच्या शुक्रवारी तांबवेकरांची मिरजेला बायपास होती. गुरुवारी दाखल व्हायचं होतं. बंगळूरचा मुलगा त्यानंतर दोघांना कायमचं घेऊन जायचं म्हणत होता. शरयूताईंना ते नको होतं. "तिथे खिडकीतून खाली बघितलं की पोटात गोळा येतो," त्या म्हणायच्या, "आणि वर बघितलं तर ओळखीचं कुणी नाही." मुलगा फोनवर विचारायचा, बाबा हॉस्पिटलात असताना आई एकटी कशी राहील? आम्हाला याचंच हसू यायचं. अर्ध्या सांगलीला ज्या बाईनं हातावर पट्टी मारून बाराखडी शिकवली, ती एकटी राहू शकत नाही म्हणे. तांबवेकर तेवढे हसायचे नाहीत.

त्यांचं काम झालं. पुठ्ठ्याचं एक फूल, वर चांदीचा कागद, मध्ये लाल मणी, कानाभोवती अडकवायला रेशमी दोरा. त्यांनी ते स्वतःच्या हातानं शरयूताईंच्या डाव्या कानात घातलं.

"हे काय करतं, काका?" मनवानं वही उघडली.

"समोर माणूस आला की त्याचं नाव कानात सांगतं."

"शरयूताईंना?" मी म्हटलं. "अहो, त्यांना वर्गातल्या पोरांच्या आज्यांची नावं पाठ होती."

"म्हणून तर. न लागणारी वस्तू करायची. लागणारी केली तर ते औषध झालं."

"तांबवेकर, माझी अंगठी टोचतेय."

"डिंक ओला असेल," ते म्हणाले.

शरयूताईंनी फुलाला हात लावून मनवाला विचारलं, "कशी दिसते गं मी?"

"सुरेख."

"मग तुझ्या लग्नाला हेच घालून येते, बाळ."

बोलणाऱ्या यंत्राचा आवाज दुसऱ्या कुणीतरी काढायचा, असा खेळाचा नियम होता. तांबवेकरांनी स्टूल ओढलं आणि शरयूताईंच्या डाव्या खांद्यामागे बसले. आवाज आपण काढणार हे त्यांनी कुणाला विचारलंही नाही.

दोनेक दिवसांत त्या पुठ्ठ्यांनी माझी झोप उडवली. मगदूम सर खरोखरच गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येऊ लागले. "डॉक्टरला कळतंय की," म्हणायचे आणि मनगटाकडे बघायचे. बायकोनं वीस वर्षं सांगून जो हलला नाही तो माणूस पुठ्ठ्याला लाजून चालायला लागला. माझ्या सूनबाई माझ्या अंगठीकडे बघून दुधाचा हिशेब खरा सांगायला लागल्या. खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि तरी ते खरं काम करत होतं.

तिसऱ्या दिवशी तांबवेकर स्टुलावरून उठले. "आज आवाज मगदूम सरांचा."

"मला कुठं जमतंय?"

"जमवायचं. बसा. आता दारातून कुलकर्णी येतायत. काय सांगाल?"

"कुलकर्णी."

"चूक. नाव सबंध ओतायचं नाही. 'कु'. पुढचं तिचं ती घेते."

"आणि नाही घेतलं तर?"

"खांद्याकडे बघायचं. माणूस अडला की श्वास वरच्या वर राहतो, खांदा जरासा उचलला जातो. तेव्हा 'कुल'. तरी नाही आलं तर त्याचा धंदा सांगायचा, गाव सांगायचं. सबंध नाव अगदी शेवटी."

"एवढं कशाला हो? खेळ तर आहे."

"खेळ आहे म्हणून नीट खेळायचा. नटाला वाटलं पाहिजे, त्याचं त्यालाच आठवलं. मागून कुणी सांगतंय हे ज्या दिवशी त्याला जाणवलं, त्या दिवशी प्रॉम्प्टर नापास."

शरयूताई समोर बघत बसल्या होत्या. चेहऱ्यावर तेच हसू. जणू त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्या खुर्चीबद्दल चाललं होतं.

त्यानंतर तांबवेकरांनी आम्हा सगळ्यांनाच पाळीपाळीनं त्या स्टुलावर बसवलं. माझी पाळी आली, पाटणकर वकील जिन्यात दिसले आणि मी खणखणीत आवाजात म्हटलं, "पाटणकर वकील."

"आरवाडेबाई," शरयूताई मागे न वळता म्हणाल्या, "मला ऐकू चांगलं येतं हो."

सगळे हसले. तांबवेकर रागावले. खोटं नाही, खरंच रागावले. कपाळाची शीर दिसायला लागली. "परत," म्हणाले. बिचाऱ्या वकिलांना पुन्हा जिना उतरून चढायला लावलं. मी "पा" म्हटलं. "उशीर केलात. परत." माझ्या साहेबानंही मला कधी असं झापलं नव्हतं. मी मनात म्हटलं, ऑपरेशनची भीती आहे, माणूस कुठेतरी अधिकार गाजवणारच. वकील तिसऱ्यांदा जिना चढले तेव्हा मला जमलं. आणि जमलं म्हणजे काय, तर मी 'पा' म्हटलेलं माझं मलाच ऐकू आलं नाही, आणि शरयूताईंच्या तोंडून "या, पाटणकर वकील" असं इतकं अलगद आलं, की मला वाटलं, मी काही बोललेच नाही.

चहाच्या वेळी तांबवेकर मनवाला खिडकीशी गाठून हळूच विचारत होते. मी कप गोळा करायच्या निमित्तानं जवळ गेले.

"असं खरं यंत्र करायला किती दिवस लागतील?"

"दिवस नाही, काका. वर्षं."

"गुरुवारपर्यंत नाही होणार."

"कुठल्या गुरुवारपर्यंत?"

"थट्टा केली गं," ते म्हणाले आणि भडंगाची बशी तिच्यापुढे धरली.

शेवटचा दिवस बुधवार. प्रत्येकानं आपलं यंत्र सगळ्यांपुढे चालवून दाखवायचं होतं. मनवानं मोबाइल तिपाईवर लावून चित्रीकरण सुरू केलं. शरयूताईंची पाळी सर्वांत शेवटी. त्या खुर्चीत, डाव्या कानात चमचमतं फूल, मागे स्टुलावर मगदूम सर. तांबवेकर पहिल्या रांगेत, हात मांडीवर. आम्ही एकेक जण समोरून गेलो आणि शरयूताईंनी एकेकाला नावानं हाक मारली. एकही चुकलं नाही. मगदूम सरांचे ओठ हललेलेही दिसले नाहीत. टाळ्या झाल्या. तांबवेकरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत; एवढं मोठं ओझं खाली ठेवल्यावर माणूस जसा नुसता बसतो, तसे बसले.

मला राहवलं नाही. "सगळ्यांची नावं झाली, एक राहिलं," मी म्हटलं. "शरयूताई, यंत्राची खरी परीक्षा आता. उखाणा घ्या."

बायकांनी उचलून धरलं. "घ्या, घ्या. दोन संक्रांती झाल्या, हळदीकुंकवाला नुसतं हसून सुटताय."

त्या आताही हसल्या. नवऱ्याकडे बघितलं. आणि त्यांचा खांदा जरासा उचलला गेला.

आठवडाभर शिकवलेलं होतं, म्हणून मला ते दिसलं. मगदूम सरांनाही दिसलं. ते वाकले. 'भा' असणार. शरयूताई हसतच होत्या. सर पुन्हा वाकले. 'भाल'. काही नाही. मग सरांनी शिकवल्याप्रमाणे केलं, बिचाऱ्यांचा आवाज चुकून मोठा निघाला. "रेल्वे पार्सल."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग कुणी हसलं नाही.

आमच्या पिढीच्या बाईला नवऱ्याचं नाव लागतंच कुठे? हाक मारायला 'अहो' पुरतं, लोकांत 'हे' पुरतं. ते नाव आत जागेवर आहे की नाही, हे बघायची वेळच येत नाही.

तांबवेकर उठले. पहिल्या रांगेपासून खुर्चीपर्यंत चार पावलं असतील, पण त्यांना ती चालायला वेळ लागला. मगदूम सर स्टुलावरून बाजूला झाले. तांबवेकर बसले नाहीत. त्या पुठ्ठ्याच्या फुलाशी वाकले. पहिलं अक्षर नाही, दुसरं नाही, आपणच शिकवलेलं सगळं मोडून त्यांनी नाव सबंध सांगितलं.

"भालचंद्र."

हॉल इतका शांत होता, की नवरा बायकोच्या कानात स्वतःचं नाव सांगतोय, हे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

शरयूताईंनी डोळे मिटले. फुलाला हात लावला. आणि एक क्षणही न अडता, हळदीकुंकवाला म्हणावं तशा ठसक्यात म्हणाल्या,

"पुठ्ठ्याचं कर्णफूल, त्याला रेशमाचा दोरा,
भालचंद्र मागून बोलतात, म्हणून माझा तोरा."

हे कुठलं पाठ केलेलं नव्हतं. कानातल्या वस्तूवरून, त्या क्षणी, तिथल्या तिथे जुळवलेलं होतं. ज्या डोक्यातून नवऱ्याचं नाव गळून गेलं होतं त्याच डोक्यानं.

"बसा आता," त्या मागे वळून म्हणाल्या. "दोन वर्षं उभे आहात."

"तुला कळत होतं?"

"अहो, प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेला जात नाही. नटाला तरी जातो ना?"

तांबवेकर स्टुलावर बसले. दुसरं काही करण्यासारखं त्यांच्यात उरलेलं नव्हतं.

मग त्या आमच्याकडे वळल्या. "नावं जातात माझी. माणसं नाही जात. बरणीचं लेबल निघालं तरी आत लोणचं कसलं ते कळतं ना, तसं. तुम्ही," माझ्याकडे बोट केलं, "तुम्ही आमटीत चिंच जास्त घालता आणि नवरा गेल्यावर सहा महिने इथे आला नव्हता. नाव तेवढं सुटतं. यांना वाटलं, कळलं तर मला लाज वाटेल. मला वाटलं, मला कळतंय हे कळलं तर यांना वाटेल. म्हणून दोघं गप्प. परवा यांनी त्या स्टुलावर या..." त्या थांबल्या.

"म," मागून आवाज आला.

"मगदूम सरांना बसवलं, तेव्हा मी ओळखलं. यांना आपला आवाज तुमच्यात पेरून जायचंय."

त्या 'म'ला सगळा हॉल हसला. हसता हसता बायका डोळे पुसत होत्या.

मनवानं जाऊन मोबाइल बंद केला. "हे मी वापरणार नाही, आजी."

"वापर की. फक्त नाव बदल." शरयूताईंनी थोडा विचार केला. "माझं बदल. यांचं नको. यांचं आत्ताच सापडलंय."

गुरुवारी मुलगा आला. वडिलांना दाखल करून संध्याकाळी संघात आला आणि म्हणाला, आईला मी घेऊन जातो, तुम्ही लोक किती दिवस पुरणार?

"पुरू तितके," मगदूम सर म्हणाले. "एक गेला की दुसरा बसतो. आमच्याकडं प्रतीक्षायादी आहे."

मुलानं आईकडे बघितलं. ती कानात पुठ्ठ्याचं फूल घालून आल्यागेल्याला नावानं हाका मारत होती. ऑपरेशन झाल्यावर तो एकटाच बंगळूरला परत गेला.

शुक्रवारचं ऑपरेशन नीट झालं, पण नंतर जंतुसंसर्ग झाला आणि तांबवेकरांना बरेच आठवडे मिरजेतच ठेवलं. "हिला आणू नका," त्यांचा निरोप, "नळ्या बघून घाबरेल." इकडे आम्ही पाळ्या लावल्या होत्या. सकाळी बाजाराला एक, दुपारी संघात एक. पुढे पुढे आमचीही गरज कमी झाली. कोपऱ्यावरची भाजीवाली त्यांना बघितल्याबरोबर म्हणायची, "मी रुक्साना, ताई." पोस्टमन सायकलवरूनच नाव सांगायचा. कुणी ठरवलं नव्हतं. आमच्या संघात आजही येणारा माणूस दारात थांबून आपलं नाव सांगतो. नव्या सभासदांना वाटतं, घटनेत लिहिलेलं आहे.

तांबवेकर परत आले त्या दुपारी स्टुलावर मी होते. जिन्यात नेहमीची बडबड ऐकू आली नाही. घशातल्या नळीनं आवाज बसला होता आणि दमही लागत होता. ते दारात उभे राहिले. निम्मे झाले होते. मिशी काढलेली.

शरयूताईंनी त्यांच्याकडे बघितलं. हसल्या, सगळ्यांकडे बघून हसतात तशा. मी त्यांच्या तोंडून 'अहो' निघायची वाट बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा खांदा उचलला गेला.

मी जितकं थांबता येईल तितकं थांबले. मग म्हटलं, "भा."

"या, भालचंद्र," शरयूताई म्हणाल्या. कुलकर्ण्यांना म्हणतात त्याच सुरात. "बसा. बऱ्याच दिवसांनी आलात."

सगळा संसार झाला होता, पण उखाण्याबाहेर त्या माणसाला बायकोनं कधी नावानं हाक मारली नव्हती. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे नाही. तोच जिना चढायला लावणारा कडक मास्तर. आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "पहिल्याच अक्षरावर. बरोबर."

ते पुढच्या रांगेत जाऊन बसले. चहा आला तेव्हा शरयूताई उठल्या, आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि काही न बोलता, हॉलमधल्या सगळ्यांना ओलांडून, नेमकी ती बशी त्यांच्या हातात नेऊन दिली. का दिली, हे त्यांना कुणी विचारलं नाही. तांबवेकर तो चहा फार वेळ पीत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मनवाला पदवी मिळाली. तिच्या पुस्तकात शरयूताईंचं नाव बदललेलं आहे, तांबवेकरांचं तेच आहे. खरं यंत्र तिनं केलं नाही. मगदूम सरांना चालायची सवय लागली, ती सुटली नाही. मुलाची बंगळूरची खोली मोकळी राहिली. आम्हा सगळ्यांना माणसाच्या मागे कसं बसावं ते आलं. शरयूताईंना सांगली मिळाली, शेवटच्या दिवसापर्यंत. ती मिळाली त्याची किंमत एकट्या तांबवेकरांनी भरली. त्या दुपारनंतर ते आमच्यासारखेच झाले, दारातून येणारे एक गृहस्थ, ज्यांचं नाव मागून सांगावं लागतं. 'अहो' म्हणून त्यांना पुन्हा कुणी हाक मारली नाही.